ज्यूंच्या तालमूद या धर्मग्रंथात खरंच ‘ज्यू नसलेल्यांना मारा’ असं लिहिलंय का? आणि हे विचारलं की लगेच ज्यूद्वेष्टे का ठरवतात?

प्रश्नासोबत तुम्ही जो फोटो टाकलाय, तो आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर मला आधीच दोनदा आलाय. काळी पाटी, पिवळी अक्षरं, तालमूदमधली म्हणून दिलेली गैरज्यूंविरुद्धची वाक्यं आणि प्रत्येक वाक्याखाली ग्रंथाचं नाव व पानाचा आकडा. आकडा दिसला की वाटतं, कुणीतरी बघून लिहिलं असणार. मलाही तसंच वाटलं होतं, म्हणून एका रविवारी एकेक वाक्य शोधायला बसलो. त्यासाठी कुठे जावं लागत नाही. सेफारिया नावाच्या संकेतस्थळावर अख्खा बाबिलोनी तालमूद इंग्रजी भाषांतरासकट फुकट आहे. मी रब्बी म्हणजे ज्यू धर्मपंडित नाही, हिब्रू मला येत नाही. दिवाणी कोर्टातल्या कागदपत्रांची भाषांतरं करून पोट भरतो, एवढीच माझी पात्रता.

पण तीच इथे कामी आली. निकालपत्रात आधी वादीचं म्हणणं येतं, मग प्रतिवादीचं, मग साक्षी, आणि कुठेतरी शेवटी कोर्ट काय म्हणतं ते. वादीच्या वकिलाचा परिच्छेद तेवढा झेरॉक्स करून ‘बघा, कोर्टच असं म्हणतंय’ म्हणून गावभर दाखवणारे पक्षकार मी पाहिलेत. तालमूदची गत तीच होते, फक्त तिथे शेवटचा निकाल कित्येकदा नसतोच. इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेली मिश्ना, म्हणजे ज्यूंच्या तोंडी चालत आलेल्या नियमांचा संग्रह, आणि तिच्यावर पुढच्या तीनेकशे वर्षांत झालेली खडाजंगी म्हणजे गमारा, असा हा ऐवज आहे. रोज एक पान, दोन्ही बाजूंनी, वाचलं तर २,७११ दिवस लागतात. एक पंडित काही बोलतो, दुसरा तिथल्या तिथे खोडतो, तिसरा दोघांनाही वेड्यात काढतो. आपल्या शास्त्रार्थातला पूर्वपक्ष उचलून सिद्धान्त म्हणून खपवावा, तसा हा प्रकार.

आता तुमच्या फोटोतलं पहिलं वाक्य: ‘गैरज्यूंमधल्या उत्तमातल्या उत्तमालाही ठार मारा.’ खाली लिहिलंय अवोदा झारा, २६ ब, म्हणजे तालमूदमधल्या त्या नावाच्या भागाचं २६ वं पान, मागची बाजू. मी ते पान उघडलं. मधल्या मजकुरात, म्हणजे खुद्द तालमूदमध्ये, हे वाक्य नाही. ते आहे समासात, टोसाफोत नावाच्या मध्ययुगीन टीकेत. तिथे टीकाकार विचारतो की असं एक वचन अन्यत्र आढळतं, त्याचा इथल्या नियमाशी मेळ कसा घालायचा? आणि उत्तर देतो: ते युद्धप्रसंगापुरतं आहे. फोटो बनवणाऱ्यानं वचन घेतलं आणि उत्तर टाकून दिलं.

म्हणजे वचन खोटं का? नाही, हे मान्य करायला हवं. ते शिमोन बार योहाय या दुसऱ्या शतकातल्या रब्बीच्या नावावर आहे आणि जुन्या ग्रंथांत येतं. त्याचा धागा बायबलमधल्या इजिप्तच्या गोष्टीला आहे. रोगराईत इजिप्तची गुरंढोरं मेली, मग ज्यूंचा पाठलाग करणाऱ्या फेरोच्या, म्हणजे इजिप्तच्या राजाच्या, रथांना घोडे आले कुठून? तर जे इजिप्शियन देवाला भिऊन आपली जनावरं घरात ठेवत होते, त्यांच्याकडून. म्हणजे भल्या माणसाचाच घोडा अखेर आमच्यावर सोडला गेला, असा हा संताप. बोलणारा माणूस कोण, तर रोमनांनी बंड चिरडल्यानंतरच्या काळातला आणि स्वतःवर मृत्युदंड असलेला.

याच बार योहायची गोष्ट तालमूदनं दुसरीकडे सांगितलीय, ती मला फार आवडली. रोमनांच्या भीतीनं तो मुलाला घेऊन बारा वर्षं गुहेत लपला. गळ्यापर्यंत वाळूत बसून अध्ययन. बाहेर आला तर लोक शेत नांगरताना दिसले. अध्ययन सोडून हे काय करताहेत म्हणून तो भडकला, आणि जिथे नजर टाकेल ते जळून जाऊ लागलं. तेव्हा आकाशवाणी झाली: माझं जग उद्ध्वस्त करायला बाहेर आलात काय? परत गुहेत जा! आणखी बारा महिने त्याला आत बसवलं. ज्या परंपरेनं त्याचं जहाल वचन जपलं, तिनंच त्याला असं कोपऱ्यात उभं केलेलं आहे.

बाकीची वाक्यं भराभर सांगतो. ‘गैरज्यू माणसं नव्हेत, पशू आहेत’, बाबा मेत्झिया ११४ ब. पान खरं आहे, पण ‘पशू’ हा शब्द तिथे नाही, तो मागाहून चिकटवलेला. मूळ प्रसंग स्मशानातला आहे: पुरोहिताला गैरज्यूंच्या कबरीचा विटाळ होतो की नाही, या चर्चेत बायबलमधल्या ‘आदाम’ (माणूस) या शब्दाचा कीस काढलाय. ‘तोरा (बायबलची पहिली पाच पुस्तकं, ज्यूंचं मूळ धर्मशास्त्र) वाचणारा गैरज्यू मृत्युदंडाला पात्र’, सनहेद्रिन ५९ अ. हे वाक्य आहे. पण त्याच पानावर लगेच रब्बी मेईरचं म्हणणं पुढे केलंय, की तोरा वाचणारा गैरज्यू हा महायाजकाच्या तोलाचा! मग दोन्हींचा मेळ घालायची धडपड. आणि ‘लिब्रे डेव्हिड, ३७’? असा ग्रंथच अस्तित्वात नाही. नाव हवेतलं, वाक्य हवेतलं, आकडा मात्र ३७.

आता दुसरी बाजू, कारण ज्यूंची कड घेणारेही कात्री चालवतात. ‘ज्यानं एक जीव वाचवला त्यानं सारं जग वाचवलं’ हे वाक्य तुम्ही पोस्टरवर पाहिलं असेल. मिश्नेच्या प्रचलित छापील प्रतींपैकी बऱ्याच प्रतींत तिथे ‘इस्राएलमधला एक जीव’ असं आहे; जुन्या हस्तलिखितांमध्ये ती मर्यादा नाही. पोस्टरवाला हा घोळ सांगत नाही. शिवाय काही नियम संदर्भासकट वाचले तरी टोचतात. मिश्ना म्हणते, ज्यूच्या बैलानं गैरज्यूच्या बैलाला शिंग मारलं तर भरपाई नाही. उलट झालं तर पूर्ण भरपाई. यावर ‘संदर्भ बघा’ म्हणून सुटका नाही. पण गंमत अशी की ही टोचणी तालमूदनं स्वतःच नोंदवून ठेवलीय. बाबा कामा ३८ अ वर रोमचे दोन अधिकारी ज्यूंचा कायदा शिकायला येतात, तीनदा उजळणी करतात आणि जाताना म्हणतात: सगळं पटलं, फक्त हे बैलाचं पटलं नाही, पण आम्ही सरकारला कळवणार नाही. विरोधकाचा आक्षेप आपल्याच ग्रंथात उत्तर न देता राहू द्यायला धमक लागते. असो.

तुमचा दुसरा प्रश्न: नुसतं विचारलं तर ज्यूद्वेष्टा का म्हणतात? विचारल्याबद्दल म्हणू नये, माझं स्पष्ट मत आहे. पण समोरचा का बिथरतो तेही बघा. ही यादी मोबाईलसोबत जन्मलेली नाही. १२४० साली पॅरिसमध्ये तालमूदवर रीतसर खटला चालला; निकोलस डोनिन नावाच्या, ज्यूचा ख्रिस्ती झालेल्या माणसानं निवडक वचनांची ३५ कलमं काढली होती. १२४२ मध्ये चोवीस गाड्या भरून हस्तलिखितं जाळली. छपाईच्या आधीचा काळ, म्हणजे प्रत्येक प्रत हातानं लिहिलेली. पुढे १८७१ मध्ये आउगुस्ट रोलिंग या कॅथलिक प्राध्यापकानं तसलंच पुस्तक काढलं. व्हिएन्नातल्या योसेफ ब्लोख या रब्बीनं त्याला जाहीरपणे खोटारडा म्हटलं. रोलिंगनं बदनामीचा दावा ठोकला आणि खटला उभा राहायची वेळ आली तेव्हा मागे घेतला.

सगळ्यात भारी किस्सा १९१३ चा, कीवमधला. वीटभट्टीवर काम करणारा मेंडेल बेलिस हा ज्यू माणूस दोन वर्षं तुरुंगात होता. आरोप असा की त्यानं धार्मिक विधीसाठी तेरा वर्षांच्या ख्रिस्ती मुलाचा खून केला. सरकारी पक्षानं तज्ज्ञ म्हणून प्रानाइटिस नावाचा पाद्री उभा केला. तालमूदमधल्या ‘भयंकर’ वचनांवर त्यानं आधीच एक पुस्तिका लिहिली होती, आणि आजच्या फोटोंमधली बरीच वचनं त्याच वळणाची आहेत. बचाव पक्षानं त्याला साधे प्रश्न विचारले. त्यातला एक असा: बाबा बात्रा कोण होती आणि तिनं काय केलं? आपल्याला ‘बाबा’ ऐकून कुणी म्हातारबुवा आठवतील. रशियनमध्ये बाबा म्हणजे बाई. प्रानाइटिस म्हणाला, माहीत नाही. कोर्टातले ज्यू हसू लागले. बाबा बात्रा म्हणजे ‘शेवटचं दार’, तालमूदमधल्या एका मोठ्या भागाचं नाव. ज्ञानेश्वरीवर तज्ज्ञ म्हणून आलेल्याला ‘अध्याय काय करतो?’ विचारावं आणि त्यानं ‘ओळख नाही’ म्हणावं, तसं. ज्यूरीनं बेलिसला निर्दोष सोडलं.

ही परंपरा डोक्यात असलेल्या माणसाला तोच फोटो दाखवून ‘मी फक्त विचारतोय’ म्हटलं, तर तो का उखडतो हे कळतं. गाझाबद्दल इस्रायलच्या सरकारला जाब विचारायचा असेल तर खुशाल विचारा, तालमूद त्यासाठी लागत नाही. आणि जुन्या वचनांवरून आज हिंसेचं समर्थन करणारे ज्यूही आहेत: वेस्ट बँक या इस्रायलच्या ताब्यातल्या पॅलेस्टिनी भागातल्या ज्यू वसाहतीतल्या दोन रब्बींनी २००९ मध्ये गैरज्यूंना मारणं कधी चालतं यावर पुस्तक काढलं, इतर रब्बींनी त्यांना झोडपलं, पोलीस चौकशीही झाली. त्यांच्यावर नाव घेऊन टीका करा. ‘ज्यू असेच’ म्हणालात की तुम्ही डोनिनच्या रांगेत.

मी अलिबागचा. तिथल्या इस्रायल आळीतलं एक कुटुंब आमच्या घरोब्याचं. कोकणातले बेने इस्रायल म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनिवार तेली’. घरात मराठी, ताटात मलिदा, आणि शतकानुशतकं तालमूदशी संबंधच नाही. १९६० च्या दशकात इस्रायलमधल्या रब्बींनी नेमकी त्यावरूनच त्यांच्या लग्नांबद्दल शंका काढली, कारण घटस्फोटाचे तालमूदी नियम यांनी पाळले असतील कसे? हे लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा १९६४ मध्ये मार्ग निघाला. त्या घरातल्या काकांना मी तुमचाच फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून तो पूर्ण वाचला, फोन परत दिला आणि विचारलं, “हे पुस्तक मराठीत मिळतं का रे?”