बाबा एकटेच राहायला निघालेत, काळजी करायची का?

"मॅडम, बाबा काहून असं करून राहिले? घर सोडून एकटेच गुहागरला जायचं म्हणतात. डिप्रेशन तर नाही ना?" निवृत्तांच्या घरांतून हा प्रश्न मला वारंवार येतो. (परवानगीनं लिहिते आहे, ओळखीचे तपशील बदललेत.)

या मुलीच्या वडिलांनी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत हयातभर नाटकं बसवली. आता समुद्राकाठी शांतपणे आत्मचरित्र लिहायचं होतं. झोप, भूक ठीक. निरवानिरवीची भाषा नाही. ती असती तर मी आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. रात्री-अपरात्री टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही आहे. नुसता एकांत हवासा वाटणं हा आजार नव्हे.

मला खटकलं ते वेगळंच. आपली नाटक मंडळी का फुटली, याचं त्यांच्याकडे एकच घोटलेलं उत्तर: सगळे कृतघ्न. आणि मंडळीतली नायिका अजून आपल्या निरोपाची वाट पाहते, ही खात्री. ती केव्हाच आपल्या संसारात रमलेली.

आयरिस मर्डॉक यांच्या 'द सी, द सी' या कादंबरीला १९७८ साली बुकर मिळालं. तिच्यातला चार्ल्स ॲरोबी हा निवृत्त नाट्यदिग्दर्शक असाच समुद्राकाठी आठवणी लिहायला जातो. तिथे तरुणपणीची प्रेयसी दिसते, आता विवाहित, वय झालेली. ती दुःखी आहे, तिला सोडवायलाच हवं, असं तो स्वतःला पटवतो आणि चक्क घरात कोंडून ठेवतो. ती घरी जाऊ दे म्हणते, ते त्याच्या कानात शिरतच नाही.

हे सांगितल्यावर वडील चिडले. "म्हणजे मी खोटारडा?"

"नाही सर. खोटं बोलणाऱ्याला निदान खरं ठाऊक असतं. तुम्ही दुखावलात, एक गोष्ट रचलीत आणि ती खोडणारं कुणी उरलं नाही."

मग एक काम दिलं: मंडळी फुटली ती रात्र नायिकेच्या तोंडून लिहा. त्यांनी आणलेल्या कागदावर तिचं वाक्य होतं, "सर, माझं लेकरू तापानं फणफणलं होतं आणि तुम्ही मला वडशाच्या प्रयोगाला उभं केलं." बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "हे मी रचलं नाही. ती बोलली होती."

मुलीला सांगितलं, अडवू नका. फक्त विचारा, तिथे तुम्हाला 'असं नव्हतं' म्हणणारं कोण असेल? गुहागर ठरलं, पावसाळ्यापर्यंत. लिहिलेली पानं जुन्या पेटीमास्तरांना फोनवर वाचून दाखवायची, त्यांनी हरकत घेतली तर फोन आपटायचा नाही. नायिकेला मात्र गाठायचं नाही, माफी मागायलासुद्धा. हे शेवटचं त्यांनी स्वतःहून ठरवलं.