जहाज उलाळ का होत नाही?

प्रश्न : नमस्कार सर, यंदा आमची द्राक्षं न्हावा शेवावरनं कंटेनरनं युरोपला गेली. भाचा तिकडंच कामाला आहे, तो म्हणतो एक क्रेन तासाला पंचवीसेक डबे सहज खाली घेते. इथं मार्केट यार्डात हळदीचा एक ट्रक रिकामा व्हायला दुपार होते. पण मला कळत नाही, एवढं वजन भराभर काढल्यावर जहाज कलंडत कसं नाही?
– एक बागायतदार, तासगाव

उत्तर : दादा, बैलगाडीतनं ऊस उतरवलाय ना कधी? पुढच्या मोळ्या आधी ओढल्या की मागं वजन राहतं, गाडी उलाळ होते, जू वर उचलतं आणि सापत्या बैलांच्या गळ्याला तटतात. जहाजाचं दुखणं तेच, फक्त तिथं चारी बाजू सांभाळाव्या लागतात. म्हणून कुठल्या रांगेतला डबा कधी काढायचा हे आधीच कागदावर ठरलेलं असतं, त्यात जहाजावरचा चीफ ऑफिसर बारीक लक्ष ठेवून असतो. शिवाय पोटात पाण्याच्या टाक्या असतात, जहाज डावीकडं झुकायला लागलं की पंपानं पाणी उजवीकडच्या टाकीत, आणि माल कमी झाला की गरजेपुरतं समुद्राचं पाणी आत घ्यायचं. हे पाणी दुसऱ्या बंदरात सोडलं की त्यातले जीवजंतूही तिकडं जातात, म्हणून ८ सप्टेंबर २०१७ पासून त्यावर जागतिक नियम लागू आहे.

आता वेगाचं. १९५६ मध्ये अमेरिकेत माल्कम मॅक्लिननं 'आयडियल एक्स' जहाजावर ५८ डबे चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला नेले, तिथनं हे वारं सुरू झालं. त्याआधी जहाजावरही पोतं न पोतं माणसंच हलवायची, जहाज धक्क्याला दिवसेंदिवस पडून राहायचं. आता डब्याच्या चार कोपऱ्यांना भोकं असतात, क्रेनची चौकट त्यात अडकते आणि कुलूप फिरतं, आत द्राक्षं आहेत का टायर तिला काही घेणं नाही.

तुमच्या ट्रकचं तसं नाही ना! पोती हमाल पाठीवर घेणार, काट्यावर वजन, मग थप्पी, त्यात वाराई, म्हणजे माल उतरवायची मजुरी, कुणी द्यायची यावरनं पाऊण तास वाद. आणि गंमत बघा, तो डबा पलीकडं गोदामात पोचला की दार उघडून पेट्या खाली घ्यायला बऱ्याच ठिकाणी माणसंच लागतात.