मैत्रिणीने मोदक घेतला नाही

नाशिकच्या ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. ऑफिसातली तुमची जिवाभावाची मैत्रीण बौद्ध आहे. गणपतीत तुम्ही प्रसादाच्या मोदकांचा डबा पुढे केलात, तिने हसून नको म्हटलं. तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "अगं, बुद्ध म्हणजे विष्णूचाच नववा अवतार ना? मग प्रसादाला काय हरकत?" तेव्हापासून ती कामापुरतंच बोलते. 'ती इतकी कट्टर असेल असं वाटलं नव्हतं,' असं तुम्ही लिहिता.

एवढ्यावरून तिला कट्टर म्हणू नका. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी लाखो लोकांना धम्मदीक्षा दिली, त्यासोबत २२ प्रतिज्ञाही दिल्या. गौरी-गणपतीला देव मानणार नाही, ही त्यातली तिसरी. बुद्ध विष्णूचा अवतार आहे हा प्रचार खोटा आणि खोडसाळ आहे, ही पाचवी. तुम्ही आपलेपणाने बोललात यात मला शंका नाही, पण बोललात ते नेमकं याच प्रतिज्ञेच्या विरुद्ध, आणि तेही चारचौघांत.

शिवाय तुम्ही नाशिकच्या. काळाराम मंदिराच्या दारापाशी २ मार्च १९३० ला अस्पृश्य मानलेल्यांच्या मंदिरप्रवेशासाठी बाबासाहेबांचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षं नेटाने चालवला, तरी दार उघडलं नाही. मग १९३५ मध्ये तुमच्याच जिल्ह्यात, येवल्यात, बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. ज्यांना देवळाच्या पायरीवर उभं राहू दिलं नाही, त्यांच्या नातवंडांना 'शेवटी सगळं एकच' हे ऐकवायचा अधिकार आपल्याला नाही, असं मला अगदी मनापासून वाटतं. सगळं एकच नाही. तिचा धम्म वेगळा आहे आणि तो तिच्या लोकांनी विचारपूर्वक स्वीकारलेला आहे.

आता काय करायचं? तिला एकटीला गाठा. "मी तुझ्या श्रद्धेबद्दल माहिती नसताना बोलले, तेही सगळ्यांसमोर. माफ कर," एवढंच म्हणा. लगेच 'पण माझा हेतू...' जोडू नका. ती बोलली तर ऐका, गप्प राहिली तर राहू द्या.

गाडी रुळावर आली की तिला वर्षावासाबद्दल, म्हणजे बौद्धांच्या पावसाळ्यातल्या उपासनेच्या काळाबद्दल, विचारा. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत अनेक विहारांत आणि घरांत 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या बाबासाहेबांच्या ग्रंथाचं वाचन चालतं. तुमच्याकडे आरत्या चालू असतात, त्याच दिवसांत हेही चालू असतं! तिने बोलावलं तर जा, मागे बसून त्रिशरण-पंचशील, म्हणजे बुद्ध, धम्म, संघाला शरण जाण्याचं आणि पाच शीलांचं पठण, ऐका. मात्र आधी तो ग्रंथ स्वतः थोडा वाचा. साऱ्या समाजाची शिकवणी घेण्याचं ओझं तिच्यावर टाकू नका.

तीही तुम्हाला विचारेल: मूर्ती का बसवता, नवस का बोलता? तेव्हा चिडू नका आणि पाठ केलेली उत्तरंही देऊ नका. गणपती घरी आला की तुम्हाला काय वाटतं, ते सांगा. तिला ते पटायलाच हवं असं नाही.

राहिला प्रश्न मोदकांचा. काही बौद्ध मंडळी नैवेद्य न दाखवलेले मोदक आनंदाने खातात, काहींना तेही नको असतं. तुमच्या मैत्रिणीला काय चालतं हे तिलाच विचारा, आणि ती नको म्हणाली तर पुढच्या वर्षी तिच्यासाठी डब्यात थालीपीठ न्या.