टॉपिक छोटा केला, तरी गाईड म्हणतात प्रश्न कुठाय?

प्रश्न : ताई, मी एमए इतिहासच्या शेवटच्या वर्षाला आहे. डिझर्टेशनला आधी ‘महाराष्ट्रातील दुष्काळ आणि स्त्रिया’ घेतलं होतं, गाईड म्हणाले फार मोठं आहे. मग ‘1972 च्या दुष्काळाचा सांगोला तालुक्यातील स्त्रियांवर झालेला परिणाम : एक अभ्यास’ असं केलं, तर म्हणतात हा टॉपिक झाला, प्रश्न कुठाय? आता अजून किती छोटं करू? — एक विद्यार्थिनी, सांगोला

उत्तर : गाईड बरोबर म्हणतायत गं. तू जिल्हे कापलेस, वर्षं कापलीस, पण तुला नेमकं काय माहीत नाहीये ते कुठंच आलं नाही. ‘झालेला परिणाम’ म्हटलं की परिणाम झाला हे आधीच ठरलं, मग शोधायचं काय? (आणि ते ‘एक अभ्यास’ काढून टाक, अभ्यास नाहीतर काय असणारे तो.)

आता बघ, त्या दुष्काळाचं नाव काढलं की मिलोच्या (म्हणजे बाहेरून आलेल्या लाल ज्वारीच्या) भाकरी, सुकडी (कामावर खायला मिळायची ती), खडी फोडायची कामं हे कुणीही सांगतं. तिथंच थांबून पुढचं विचार. खडी फोडायला, पाझर तलावाच्या मातीकामाला बायका मोठ्या संख्येनं जात होत्या, मग दिवसभर तान्ही पोरं कुणाकडं? सासूकडं, कामावरच झाडाला झोळी बांधून, का थोरल्या पोरीला शाळेतून काढून तिच्या कडेवर? हे शेवटचं मला फार इंटरेस्टिंग वाटतं कारण ते तपासता येतं. झेडपीच्या शाळेत जनरल रजिस्टर असतं, दाखला त्याच्यावरूनच देतात, त्यात नाव, जन्मतारीख, शाळा कधी सोडली, का सोडली असे रकाने असतात. म्हणजे प्रश्न असा होईल : ‘1972-73 मध्ये सांगोला तालुक्यातल्या दोन गावांत, आई दुष्काळी कामावर गेल्यामुळे थोरल्या मुलींची शाळा सुटली का?’

याचं उत्तर ‘नाही’ येऊ शकतं हे महत्त्वाचं. कदाचित मुली आधीपासूनच चौथीनंतर घरी बसत असतील, दुष्काळानं काहीच फरक पडला नसेल. म्हणून नुसतं 72-73 बघून भागत नाही, आधीची तीनचार वर्षं पण उतरवून घे, मुलांचे आकडेपण घे. कारणाच्या रकान्यात ‘सतत गैरहजर’ एवढंच सापडलं तर वैतागू नकोस, खरं कारण तुला बायकांकडूनच कळणार, आणि तेव्हा दहा-बारा वर्षांच्या असलेल्या पोरी आज साठी ओलांडलेल्या आहेत, त्यांच्या आया तर त्याहून कितीतरी म्हाताऱ्या, तेव्हा मुलाखती आधी उरक, लायब्ररी नंतर.

मुलाखत घेताना एक सांभाळ. लोक त्या कामांना सरसकट रोजगार हमी म्हणतात, पण कायदा 1977 चा, अंमल 26 जानेवारी 1979 पासून, आणि त्या कायद्याखालची कामं पुढं अनेक वर्षं चालली. त्यामुळं आजी ‘हमीच्या कामावर होते’ म्हणाली की कुठला तलाव, तेव्हा पदरात कुठलं पोर होतं हे विचारून साल पक्कं कर, नाहीतर 1980 नंतरची आठवण 72 मध्ये जाऊन बसेल.

गावं मात्र रजिस्टर बघून ठरव. जिथं त्या वर्षांची पानं वाळवीनं खाल्लीत तिथं कितीही ओळखीचे लोक असू देत, ते गाव सोड. विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र घेऊन जा आणि मुलींची नावं प्रबंधात छापू नकोस.

दोन्ही गावांत रजिस्टर नसेल तर परत लिही, प्रश्न बदलू.