रेकॉर्ड संपते, पण सुईचा हात उचलत नाही

प्रश्न : जुन्या गॅरार्ड चेंजरवर (एकामागून एक रेकॉर्ड आपोआप लावणाऱ्या प्लेअरवर) रेकॉर्ड संपली तरी सुई शेवटच्या चरीतच फिरत राहते. मोटर बदलावी का?

उत्तर : मुळीच नको, मोटर चांगली आहे. दोष बहुधा वाळलेल्या ग्रीसचा. प्लग काढा, मधली क्लिप सोडवून रेकॉर्डखालची फिरती चकती उचला. खालच्या मोठ्या दातेरी चाकावर पत्र्याची लहान खिटी असते; हात उचलण्याची क्रिया तीच सुरू करते. ती फुंकरीनेही हलायला हवी. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने चिकटा काढा. तिथे तेलाचा थेंबही नको, बहुतेकांची चूक इथेच होते. सरकपट्ट्यांना नव्या ग्रीसचा पातळ थर द्या. मोटरची गती चकतीला देणारे रबरी आयडलर चाक त्याच अल्कोहोलने पुसा. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या रेकॉर्डना मात्र ते कधीच लावू नका, लाख विरघळते.