वहीच्या डाव्या पानावर मराठी लिही

‘ताई, लातूरजवळच्या गावातून पुण्यात एम.ए. मानसशास्त्राला आलेय. बी.ए.पर्यंत सगळं मराठीत झालं, इथली पुस्तकं इंग्रजीत. संख्याशास्त्र तर डोक्यावरून जातं. होस्टेलच्या मुली मात्र रात्री माझ्यापाशीच मन मोकळं करतात. परवा एक जण “जगून काय करू” म्हणाली आणि कुणाला सांगू नकोस अशी शपथ घातली. मला काहीच येत नाही. शिक्षण सोडून देऊ का?’

बाळा, अभ्यासाचं नंतर. आधी ती शपथ मोड, आजच. तिला सांग, ‘हे मला एकटीला पेलणार नाही, आपण दोघी मिळून कुणाशी तरी बोलू.’ टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतात. तिच्या शेजारी बसून लाव. रेक्टरना कळव, तिला रात्री एकटी ठेवू नका. जिवाचं काही बरंवाईट करायचा विचार येतो का, हे तिला सरळ विचार. विचारल्यानं तो विचार मनात भरत नाही. उलट बोलायला वाट मिळते.

तू तिची मैत्रीण आहेस, तेवढंच राहा. एम.ए. झाल्यावरही ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ अशी पाटी लावता येत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं प्रशिक्षण आणि तिच्याकडची नोंदणी लागते. तेव्हा आज उपचार येत नाहीत याची लाज कसली?

आता इंग्रजी. वहीच्या उजव्या पानावर पुस्तकातली संज्ञा लिही, डाव्या पानावर आपली माणसं तीच गोष्ट कशी सांगतात ते. ‘जीव घाबरा होतो’, ‘कशात मन लागत नाही’, ‘डोक्याला मुंग्या येतात’. तुझ्या आईच्या वयाची बाई उद्या समोर बसेल ती हेच बोलेल, आणि ते तुला आत्ताच कळतं. शहरात वाढलेल्या कितीतरी मुलींना हे शिकावं लागतं, हे मी मनापासून सांगते. वाचायला यूजीसीची ई-पीजी पाठशाळा ही एम.ए.च्या अभ्यासाची वेबसाइट फुकट आहे; रोज दोनच पानं, पण मोठ्यानं वाच.

संख्याशास्त्राला घाबरतेस कारण आकडे कुणाचे ते दिसत नाही. होस्टेलच्या दहा जणींना काल किती तास झोपलात ते विचार. सरासरी काढ. मग प्रत्येकीची झोप सरासरीपासून किती लांब आहे ते मांड. सगळ्या सहा-सात तास झोपल्या तर प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप, लहान. कुणी तीन, कुणी दहा तास झोपली तर मोठं. एवढंच आहे ते. आधी हातानं सोडव, मग तेच आकडे जामोवीत घाल. ते सॉफ्टवेअर मोफत आहे, महागड्या पॅकेजसाठी घरी पैसे मागू नकोस.

सोडायचं की नाही ते या सत्राचा निकाल लागल्यावर बघू. मैत्रिणीचं काय झालं ते मात्र आठवड्याच्या आत कळव, मी वाट बघतेय.

— ताई