सिस्टीम इमेजवरून व्हर्च्युअल मशीन सुरू का होत नाही?
सिस्टीम इमेज म्हणजे विंडोजने घेतलेला अख्ख्या संगणकाचा बॅकअप. त्यातली व्हीएचडीएक्स फाइल (डिस्कची नक्कल) व्हर्च्युअल मशीनला, म्हणजे संगणकात सॉफ्टवेअरने चालणाऱ्या दुसऱ्या संगणकाला, थेट जोडली तरी मशीन बूट (सुरू) होत नाही, असं तुम्ही विचारलंय. विंडोज प्रत्येक पार्टिशनची (डिस्कच्या भागाची) वेगळी फाइल बनवतं. सी ड्राइव्हच्या फाइलमध्ये सहसा बूटचा भाग नसतोच.

रिकामं मशीन बनवा, डिस्क मूळ डिस्कएवढी किंवा मोठी. जुना संगणक यूईएफआयवर (जुन्या बायोसच्या जागी आलेलं, संगणक सुरू करणारं सॉफ्टवेअर) असेल तर हायपर-व्हीत (विंडोजमधली व्हर्च्युअल मशीनची सोय) मशीनचं जनरेशन २ निवडा, नाहीतर १. इथे चुकलात तर रिस्टोअर अडणारच. विंडोजइमेजबॅकअप फोल्डरची कॉपी दुसऱ्या व्हर्च्युअल डिस्कवर टाका, ती डिस्क या मशीनला जोडा (मूळ बॅकअपला हात लावू नका) आणि विंडोजच्या आयएसओवरून (इन्स्टॉल डिस्कची फाइल) बूट करून ‘सिस्टीम इमेज रिकव्हरी’ निवडा.

इतवारीतल्या एका धान्य व्यापाऱ्याचा संगणक ऐन मे महिन्यात गेला, तेव्हा आम्ही हेच केलं. जुन्या बिलांचं सॉफ्टवेअर जसंच्या तसं उघडलं, शेवटच्या बिलासकट.